बसलेली गाडी

चालणारी वस्तू झिजते आणि बसून राहिलेली वस्तू टिकते, अशी परवापरवापर्यंत माझी ठाम समजूत होती. या समजुतीस माझ्या पेशाचा भक्कम आधार होता. कपाटात कुलूप लावून ठेवलेले पुस्तक शंभर वर्षे सुखाने राहते. तेच विद्यार्थ्यांच्या हाती दिले की दोन सत्रांत पाने आणि पुठ्ठा यांची फारकत होते. माझा एक काळा कोट आहे. तो मी फक्त लग्नकार्यांत घालतो, आणि तो वीस वर्षे नव्यासारखा राहिला आहे. माझी काही मतेही मी केवळ वर्गात मांडतो, व्यवहारात कधी वापरीत नाही. त्यामुळे त्यांनाही अद्याप कोठे सुरकुती पडलेली नाही. तात्पर्य, वापर हा वस्तूचा शत्रू होय, या सिद्धांतावर मी आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे निर्धास्त काढली. तो सिद्धांत एका जुन्या डिझेल पिकअपने यंदा दिवाळीनंतर चार दिवसांत मोडून काढला.

ही गाडी माझ्या थोरल्या बंधूंची. आमच्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला, आणि तेव्हापासून या गावास शांतता म्हणून काही ठाऊकच नाही. इतर गावांतील मुले आवाज झाला की जागी होतात. आमच्याकडील मुले माग थांबले की जागी होतात. दादांचे आठ माग होते. ते ‘खर्चीवाले’ होते. म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आणि मधला खडखडाट तेवढा दादांचा. त्याची मजुरी ‘पिका’वर, म्हणजे कापडातील आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, पैशांत मोजून मिळे. सायझिंगमधून बिमे आणावयाची, सुताची बाचकी आणावयाची, विणलेले तागे पोहोचवावयाचे, या कामासाठी त्यांनी 1997 साली ही गाडी जुनी म्हणूनच विकत घेतली होती. 2018 च्या जुलैत दादा अकस्मात गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी ती शेडच्या दाराशी पत्र्याखाली उभी केली होती. तेथून ती कोणीही हलविली नाही.

पुढच्याच वर्षी, 2019 च्या ऑगस्टात, पंचगंगेचे पाणी गावात शिरले. वहिनी वरच्या मजल्यावर राहावयास गेल्या. खाली माग आणि गाडी पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर आठही माग भंगाराच्या भावाने, किलोवर, विकून टाकावे लागले. गाडी मात्र राहिली. ती राहण्याचे कारण असे की तिच्याविषयी निर्णय घेण्याचे काम घरात माझ्याकडे होते. पुतण्या पुण्यास नोकरीला. तो दरवर्षी दिवाळीत विचारी, “काका, गाडीचं काय करायचं?” आणि मी म्हणे, “पाहू.” या ‘पाहू’ शब्दाइतका सोयीस्कर शब्द मराठी भाषेत दुसरा नाही. त्यात होकाराची आशा असते आणि नकाराची सुरक्षितता असते. आणि ज्याचे पुढे काही पाहावयाचे नसते तेथेच तो बहुधा योजिला जातो.

यंदा मात्र तो शब्द चालेना. रिकामी शेड एका शिवणकामाच्या कारखान्यास भाड्याने देण्याचे ठरले आणि गाडी नेमकी दारात आडवी. भंगारवाला आला, भोवती एक फेरी मारली, टायरांना पायाने ढोसले आणि 35,000 रुपये भाव सांगितला. “उद्या क्रेन आणतो,” तो म्हणाला, “दोरी लावून ओढून नेऊ.” मी होकारासाठी तोंड उघडणार, तोच जिन्यावरून वहिनींचा आवाज आला :

“दोरी लावून नको, भावोजी. एवढ्या वर्षांत त्यांची गाडी कधी कुणी ओढत घरी आणली नाही. जायची तर आपल्या पायांनी जाऊ दे.”

सात वर्षांत गाडीविषयी वहिनी प्रथमच बोलल्या होत्या. ‘पाहू’ म्हणण्याची मला लाज वाटली.

गल्लीच्या तोंडाशी एक मेस्त्री आहेत. दादांची गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हाताखालून गेलेली. त्यांना आणले. त्यांनी बॉनेट उघडले, आणि आत हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदरांनी सुताच्या गुंत्यांचे एक सुबक घरटे विणलेले आढळले. खर्चीवाल्याच्या गाडीतील उंदीरही विणकरच असावयाचे! मेस्त्रींनी ते अलगद बाहेर काढले, तेलाची काडी ओढून बोटावर तेल पाहिले, गाडीखाली सरपटत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाले :

“सर, गाडी बिघडल्याली न्हाई. गाडी बसल्याली हाय.”

हा भेद मला नवा होता. बिघडलेली गाडी म्हणजे जिचा एखादा अवयव तुटला, झिजला वा जळला. त्या अवयवाच्या जागी दुसरा घातला की काम झाले. बसलेल्या गाडीत काहीच तुटलेले नसते. तिच्यातील प्रत्येक वस्तू, कोणी हलवीत नाही म्हणून, आपापल्या शेजाऱ्याला हळूहळू चिकटत गेलेली असते. टाकीतील डिझेल जुने होऊन तळाशी चिकट गाळ बसतो आणि त्यात पाणी जमते. रबराचे वायसर वाळून चिरतात. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते आणि आतल्या आत लोखंडाला गंज चढवीत बसते. “गाडी चालवून म्हातारी हुत्या,” मेस्त्री म्हणाले, “पर बसवून ठिवली की मरत्या.” मला क्षणभर माझ्या काळ्या कोटाची आठवण झाली, घरी गेल्यावर तो काढून पाहिला, तर घडीच्या रेघेवर तो कसरीने खाल्लेला निघाला.

दुरुस्तीचा अंदाज 18,000 रुपयांचा झाला. ज्या वस्तूचे 35,000 येणार, तिच्यावर विकण्यापूर्वी 18,000 खर्च करावयाचे, आणि तेही तिने शेवटची दोन फर्लांगे स्वतः चालावी म्हणून! महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या माझ्या सहकाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी इंग्रजी शिकविणाऱ्यांना त्या विभागाकडून नेहमीच लाभते. पुढे मेस्त्रींनीच तोड काढली. चालू इंजिनाला भंगाराहून निराळी किंमत असते. ते आणि इतर धडके भाग मेस्त्री स्वतः घेणार होते. उरलेला सांगाडा नोंदणी रद्द करून रीतसर मोडीत जावयाचा होता. मालवाहू गाडी जुनी झाली की तिला दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. आमच्या गाडीने असा एकही दाखला सात वर्षांत घेतलेला नसल्यामुळे तिला पुन्हा संसाराला लावण्याचा प्रश्न नव्हता. तिला फक्त उठवावयाचे होते.

पहिले दोन दिवस इंजिनात गेले. कोणास वाटेल की बॅटरी बदलली, किल्ली फिरविली की झाले. मेस्त्रींनी किल्लीला हातही लावू दिला नाही. त्यांनी प्रथम नोझल उतरवून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडले, ते एक रात्र मुरू दिले, आणि सकाळी पुढच्या पुलीला मोठा पाना लावून इंजिन हाताने, वीतवीतभर, फिरवून पाहिले. दीर्घ आजारातून उठलेल्या माणसास एकदम उभे करीत नाहीत. आधी अंथरुणातच कूस बदलावयास लावतात, तसे. मग टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलले, इंजिनाचे तेल बदलले. मागच्या कण्यातील तेल काढले, तर ते चहात दूध घालावे तसे पांढरट निघाले. “म्हापुराचं पानी,” मेस्त्री म्हणाले. सहा वर्षांपूर्वीची पंचगंगा थेंबथेंब थाळीत पडत होती.

डिझेलच्या इंजिनाविषयी माझे ज्ञान तोवर त्याच्या नावापुरतेच होते. ते नाव रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याचे. 1893 साली त्यास पेटंट मिळाले, 1897 साली आउग्सबर्ग येथे त्याचे यंत्र यशस्वी झाले. आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. हे वाचून मला त्या परदेशी गृहस्थाविषयी एकदम आपलेपणा वाटला. भुईमुगाच्या तेलावर तर आम्ही सारेच चालतो! 1913 साली इंग्लंडला जात असता हा मनुष्य रात्री बोटीवरून नाहीसा झाला. पुढे समुद्रात त्याचे प्रेत मिळाले. पण तो पडला की त्याने उडी टाकली, हे आजतागायत कळलेले नाही. त्याच्या इंजिनाची खुबी अशी की त्यात ठिणगी नसते. हवा सिलिंडरमध्ये वीसेक पट दाबली जाते. त्या नुसत्या दाबाने ती इतकी तापते की फवारलेले इंधन तिच्या स्पर्शासरशी पेट घेते. बाहेरून विस्तव द्यावा लागत नाही.

मात्र इंधनाच्या नळीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला, तरी हा सारा पराक्रम थंड पडतो. मेस्त्री त्यास ‘एअर पकडली’ म्हणतात. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप दाबून दाबून, फेस येणे थांबून नितळ डिझेल वाहू लागेपर्यंत ती हवा काढावी लागते. केवळ हवेमुळे निष्फळ झालेले कितीतरी तास मला माझ्या अध्यापनाच्या इतिहासात आठवले. परंतु ते सांगण्याचे हे स्थळ नव्हे.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी सेल्फ मारला. मुचकुंदाची निद्रा मोडणारा कालयवन जळून भस्म झाला, ही कथा मला त्या वेळी का आठवली कोण जाणे; मी दोन पावले मागे सरलो. दोनदा नुसती घरघर झाली. तिसऱ्यांदा आधी पांढरा, मग काळा असा धुराचा लोट पत्र्यापर्यंत चढला आणि त्यामागून तो ओळखीचा, किंचित लंगडा आवाज आला. लहानपणी शाळेत धडा ऐकावा तसा तो मी वीस वर्षे ऐकला होता. वर खिडकी उघडली. वहिनी काही बोलल्या नाहीत. खिडकी मात्र इंजिन चालू होते तोवर उघडी राहिली.

इंजिन जागे झाले. परंतु गाडी हलेना. क्लच दाबला तर पायडल विनातक्रार तळाशी जाऊन पडे आणि वर येण्याचे नाव घेईना. येथपासून खरी कसोटी होती. ज्यांना क्लच म्हणजे नेमके काय हे माझ्याप्रमाणेच ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी दोन वाक्ये लिहितो. इंजिनास थांबून चालत नाही; चाकांना तर चौकाचौकात थांबावे लागते. या दोघांचा संसार चालावा म्हणून मध्ये एक तबकडी असते. एरवी ती स्प्रिंगच्या जोराने इंजिनाच्या जड चाकावर घट्ट दाबलेली असते. क्लचवर पाय दिला की ती सुटते, तेवढ्यात गिअर बदलून घ्यावयाचा, आणि पाय काढला की पुन्हा एकजीव. गाडी उभी करून मनुष्य घरी जातो, तेव्हा पाय अर्थातच काढलेला असतो; म्हणजे तबकडी दाबलेलीच राहते. आमची तबकडी सात पावसाळे आणि एक महापूर अशी दाबलेली राहिली होती.

आधी पायडलाचा उपाय झाला. क्लचच्या वरच्या आणि खालच्या सिलिंडरांतील रबरे नवी बसविली. मग याही नळीतील हवा काढणे आले, आणि त्या दिवशी मेस्त्रींचा पोरगा आला नव्हता. “सर, तुम्ही बसा वर,” मेस्त्री गाडीखालून म्हणाले. “मी दाबा म्हटलं की दाबायचा, धरा म्हटलं की धरायचा, सोडा म्हणेस्तवर सोडायचा न्हाई.”

अशा रीतीने मी आयुष्यात प्रथमच दादांच्या जागेवर बसलो. वीस वर्षे ही गाडी घरात असून मी तिच्या डाव्या बाजूलाच बसत आलो होतो; आणि खरे सांगावयाचे तर तेथेही महाविद्यालयाच्या अलीकडच्या वळणावर उतरून घेत असे. प्राध्यापक सुताच्या बाचक्यांसह फाटकाशी उतरलेला विद्यार्थ्यांना दिसू नये, एवढाच त्यात हेतू होता. दादांच्या तो ध्यानात आला होता. पुढेपुढे ते न सांगताच वळणावर गाडी थांबवीत.

“दाबा. धरा. सोडा.” माझी हल्लीची मोटार स्वयंचलित गिअरची आहे, तिला क्लचचे पायडल नाही. त्यामुळे कित्येक वर्षे माझ्या डाव्या पायाला नोकरी नव्हती. दहा मिनिटांत तो थरथरू लागला. मधल्या विसाव्यात समोरच्या कप्प्यात हात गेला, तो एक लांबट वही लागली. पुराचे पाणी तेथवर चढले नव्हते. दादांच्या अक्षरात तारीख, माल, कोठून कोठे आणि भाडे असे रकाने. शेजारच्या मागवाल्यांचाही माल ते आणून देत. त्याचे पैसे न् पैसे मांडलेले. एका पानावर होते : ‘धाकटा. कोल्हापूरहून पुस्तके. तीन खेपा.’ भाड्याच्या रकान्यात एक आडवी रेघ.

त्या रेघेपाशी मला एक गोष्ट आठवली, जी मी विसरलो होतो असे नव्हे. 2018 च्या मार्चात दादा एका संध्याकाळी माझ्या घरी आले होते. साध्या मागांवर आता भागत नाही, धोट्याविना चालणारे दोन माग कर्ज काढून घ्यावे म्हणतो, असे म्हणाले. बँकेस जामीन हवा होता. पगारदार, म्हणजे मी. रक्कम मोठी होती. माझ्या मुलीचे शिक्षण पुढे होते. धंद्याचे दिवस बरे नव्हते. नकार देण्यास पुरेशी कारणे होती. होकार देण्यास माझी सारी पदवी हे एकच कारण होते. कारण ती त्या आठ मागांवरच विणलेली होती. मी दोन्हींपैकी काहीच दिले नाही. मी म्हणालो, “पाहू.” एप्रिल गेला, मे गेला. ते पुन्हा विचारावयास आले नाहीत आणि मीही तो विषय काढला नाही. मग जुलै आला.

“सर, धरा म्हटलं हुतं, सोडलासा की!” खालून मेस्त्री ओरडले. हवा पुन्हा आत गेली होती. सारे पहिल्यापासून करावे लागले.

पायडल अखेर कडक झाले. परंतु तबकडी सुटेना. इंजिन चालू असता क्लच दाबून गिअर टाकू जावे, तो दातांवर दात करकरत. आता एक मार्ग सरळ होता : गिअरबॉक्स उतरवावयाचा, तबकडी हाताने सोडवावयाची. पण त्यात आणखी दोन दिवस आणि बराच पैसा जाणार. मेस्त्री म्हणाले, आधी गोडीगुलाबीने बघू. त्यांनी इंजिन अर्धा तास चालू ठेवून चांगले तापविले, मग बंद करून पायडल दाबले, आणि शेडच्या कोपऱ्यात उरलेली जुन्या मागाची एक लाकडी काठी पायडल व बैठक यांच्यामध्ये ठोकून बसविली. रात्रभर क्लच तसाच दाबलेला राहिला. गोडीगुलाबीचा काही उपयोग झाला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मागची चाके उचलून गाडी लोखंडी घोड्यांवर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले, ब्रेक पुन्हा तपासले आणि मला वर बसविले. बेत असा : तिसरा गिअर आधीच टाकून सेल्फ मारावयाचा, म्हणजे इंजिनाबरोबर अधांतरी मागची चाकेही फिरू लागतील; मग वेग द्यावयाचा; मग क्लच पुरता दाबून त्याच क्षणी ब्रेक मारावयाचा. चाके थांबू पाहतील, इंजिन थांबू पाहणार नाही. आणि या ओढाताणीत मधल्या गंजाला सुटावे लागेल. कोणीही गाडीच्या पुढेमागे उभे राहावयाचे नाही, अशी ताकीद त्यांनी गल्लीतल्या पोरांना दिली.

पहिल्यांदा ब्रेक मारताच इंजिन बंद पडले. दुसऱ्यांदाही पडले. “सर, तुम्ही ब्रेक बिचकत मारतायसा,” मेस्त्री म्हणाले. “मारायचा तर मारा. न्हाईतर उतरा, मी बसतो.” हे ते रागाने म्हणाले नाहीत, पानाची साइज सांगावी तितक्या सहजपणे म्हणाले. मी उतरलो नाही. तिसऱ्यांदा वेग दिला. सारी गाडी घोड्यांवर थरथरत होती. डावा पाय तळापर्यंत दाबला आणि उजव्याने, एरवी ज्या आवेशाने मी काहीच करीत नाही त्या आवेशाने, ब्रेक मारला. खालून खट्‌कन एक कोरडा आवाज आला. मला वाटले, काहीतरी मोडले.

चाके थांबली होती आणि इंजिन चालू होते.

एवढेच, पण हे दोन्ही एकाच वेळी घडताना मी ज्या कौतुकाने पाहिले, तसे कौतुक मला फार दिवसांत कशाचे वाटले नव्हते. मेस्त्रींनी मान हलविली. “सुटली. पर आता जरा थरथरंल. गंज खाऊन प्लेट खरबरीत झाल्या. दोन फर्लांगाला चिंता न्हाई.”

त्याच दुपारी गाडी न्यावयाची ठरली. मुदत संपलेल्या कागदांची गाडी हमरस्त्यावर काढण्याचा धीर माझ्यात नव्हता. परंतु गॅरेज गल्लीच्या तोंडाशीच असल्यामुळे कायद्याची फारशी परीक्षा व्हावयाची नव्हती. वहिनी खाली आल्या. त्यांनी काचेवरची धूळ पदराने पुसली, चाकांखाली एक लिंबू ठेविले, आणि मी विचारण्यापूर्वीच डाव्या बाजूला चढून बसल्या. मेस्त्री म्हणाले, “सर, तुम्हीच चालवा. मी बाजूनं येतो.”

गाडी निघाली. प्रथम एक हिसका बसला, सारा सांगाडा थरथरला, आणि मग चाके लिंबावरून पुढे गेली. चालीचा वेग असा की बाजूने मेस्त्री सहज चालत होते. अर्ध्या गल्लीतून अजून मागांचा आवाज येत होता. अर्धी गल्ली गप्प होती. जुन्या सायझिंगच्या भिंतीपाशी आलो तेव्हा वहिनी समोर पाहत म्हणाल्या :

“ते एकदा म्हणाले होते, भावोजी. म्हणाले, त्यानं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी दुसरा कुणी बघितला असता.”

मला काही उत्तर सुचले नाही. वहिनींच्या स्वरात ठपका नव्हता. सात वर्षे सांगावयाची राहून गेलेली एक गोष्ट त्यांनी सांगून टाकली, इतकेच. गाडी मंद झाली. इंजिन उगाच गुरगुरू लागले आणि कसलासा करपट वास येऊ लागला. खिडकीशी मेस्त्रींचा हात आपटला.

“सर, क्लचवरनं पाय काढा! तुम्ही पाय नुसता ठिवून दिलाय. दाबला बी न्हाई आन् सोडला बी न्हाई. त्यानंच प्लेट जळत्या. दादांनी एवढ्या वर्षांत दोनदा प्लेट बदलली, का? तर काम झालं की पाय खाली. दाबायचा तर पुरता दाबा, न्हाईतर काढा.”

मी खाली पाहिले. डावा पाय खरोखरच पायडलवर विसावला होता. मी तो ठेविला केव्हा, हे मला आठवेना.

मी पाय काढला. गाडीने एकदम जोर धरला आणि शेवटचे शंभर पाऊल ती कशी सरळ, न कुरकुरता गेली! गॅरेजच्या दारात मी ती थांबविली, इंजिन बंद केले आणि किल्ली मेस्त्रींच्या हातात दिली. वही मी कप्प्यातून आधीच काढून घेतली होती. ती वहिनींना दिली. त्यांनी ती उघडली नाही, पिशवीत ठेविली. घरी परत जाताना आम्ही दोघे चालतच गेलो.

संध्याकाळी पुतण्याचा पुण्याहून फोन आला. शिवणकारखान्याचे लोक भाडेकरार लवकर मागत होते; त्यावर साक्षीदार म्हणून मी सही करीन काय, असे तो भीतभीत विचारीत होता. माझी जुनी सवय त्यास ठाऊक होती, म्हणून तो पुढे म्हणाला, “घाई नाही काका. पाहून सांगा.”

“पाहायचे काय त्यात?” मी म्हणालो. “उद्या सकाळी करतो.”